राजमतीबाईंचा परिग्रह

मानोऱ्याच्या बाजारपेठेत कैलासचंद यांचं भांड्यांचं दुकान आहे. माणूस गेल्यावरही दुकान त्याचंच म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. कायद्याला ती मान्य नाही. कायद्यानं ते दुकान, त्यामागचं घर, कारंजा रोडवरचा प्लॉट आणि बँकेत जे काही असेल ते, सगळं त्यांच्या पत्नी राजमतीबाईंचं. कैलासचंद यांनी मृत्युपत्रात तसं लिहून ठेवलं होतं, आणि तेही लपूनछपून नाही. दोन साक्षीदार घेऊन ते रजिस्ट्रीच्या कचेरीत गेले, कागद नोंदवला आणि येताना साक्षीदारांना चहा पाजत हॉटेलात सगळ्यांच्या देखत सांगूनही टाकलं. ऐकणाऱ्यांनी ते थट्टेवारी नेलं. बायकोला सगळं देऊन जाईन म्हणणारे नवरे मानोऱ्यात पुष्कळ आहेत. बहुतेक जण ते रागाच्या भरात, मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात.

कैलासचंद रागात नव्हते आणि ते खरंच गेले. अडचण एवढीच झाली की राजमतीबाईंना हे सगळं घेता येत नव्हतं. कायद्यानं येत होतं, धर्मानं नाही.

त्याच्या काही वर्षं आधी शिरपूरच्या जैन तीर्थावर एका आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. आर्यिका म्हणजे दिगंबर जैनांमधली साध्वी. अंगावर एक पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, यापलीकडे जगात जिचं काही नाही अशी बाई. राजमतीबाईंनी त्यांच्यासमोर हात जोडून परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलं. परिग्रह म्हणजे आपल्या मालकीचं म्हणून जे जे आहे ते. त्याला एक मर्यादा घालून घ्यायची आणि मर्यादेबाहेरचं जन्मभर स्वीकारायचं नाही. राजमतीबाईंनी नेसायच्या मोजक्या साड्या, अंगावरचं सोनं, एक अंथरूण, पूजेची भांडी आणि जपमाळ एवढं ठेवलं. घर, दुकान, जमीन आणि रोकड यांचा त्याग केला.

त्या दिवशी व्रत घेणाऱ्या बायका बऱ्याच होत्या, आणि घर-दुकान-जमीन जवळजवळ सगळ्यांनीच सोडलं. पुरुषांनी मर्यादा जरा सैल घातली. एका व्यापाऱ्यानं आपण पाच दुकानांच्या वर जाणार नाही असा नियम घेतला. तेव्हा त्याची दोन होती.

परतीच्या एस.टी.त कैलासचंद यांनी तिकिटं खिशात ठेवली. मग म्हणाले, "तुह्या नावावर व्हतं तरी काय, जे तू सोडलं?"

"काईच नाई," राजमतीबाई म्हणाल्या.

"मंग?"

"मंग काय. सोपं गेलं."

राजमतीबाईंचं माहेर अनसिंगचं. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरच्या दुकानात पितळेच्या घागरी, गुंड, परातींचा जमाना होता. पडद्याआड बसून भांडी मोजता मोजता त्या पडद्याच्या पुढे कधी आल्या ते कोणाच्या लक्षात आलं नाही. भांड्यावर नाव कोरायचं छोटं मशीन दुकानात आलं, तेव्हा ते चालवायला हात स्थिर असलेलं माणूस हवं होतं. कैलासचंद यांचा हात थरथरायचा, मुलगा श्रेयांस तेव्हा शाळेत होता. मग ते काम राजमतीबाईंकडे आलं आणि राहिलं. आसपासच्या गावांत आणि बंजारा तांड्यांवर लग्नात दिल्या-घेतलेल्या किती परातींवर त्यांचं अक्षर आहे, याला गणती नाही. नावं अर्थातच देणाऱ्यांची, म्हणजे मामांची, काकांची, सासऱ्यांची. घरच्या भांड्यांवर कैलासचंद यांचं नाव होतं. तेही त्यांनीच कोरलेलं.

मृत्युपत्राची कल्पना कैलासचंद यांना कशी सुचली, हे त्यांनी स्वतःच चारचौघांत सांगितलं होतं. वडील गेल्यावर त्यांच्या आईनं सगळं मुलांच्या नावे करून दिलं होतं. एकदा तिला शिरपूरच्या यात्रेला जायचं होतं. ती दुकानात आली आणि गल्ल्यासमोर गिऱ्हाइकासारखी उभी राहिली. एस.टी.च्या भाड्यापुरते मागितले. कैलासचंद गल्ल्यातून नोट काढता काढता सहज बोलून गेले, "आता कायले जातं? मागच्याच साली तं गेली व्हती." आई म्हणाली, "हो, ते बी हाये," आणि घरात गेली. पुढे पुन्हा कधी तिनं शिरपूरचं नाव काढलं नाही. आपण देणारच होतो, नोट हातात होती, असं कैलासचंद प्रत्येक वेळी सांगायचे. ऐकणाऱ्याला त्यात शंका नसायची. त्यांनाच असावी.

तर हा माणूस बायकोचं व्रत विसरला होता असं म्हणायला जागा नाही. व्रत घेताना तो शेजारी बसला होता. राजमतीबाईंनी त्याला आठवणही करून दिली होती.

"आन माह्यं व्रत?" कागद नोंदवून आले त्या दिवशी त्यांनी विचारलं.

"घरातल्या घरात कायचं आलं व्रत? ह्या खिशातलं त्या खिशात."

"माह्या लुगड्याले खिसा नाई."

"शिवून घे," कैलासचंद म्हणाले आणि पंचांग उघडून बसले. जन्मभर दुकान केलेल्या माणसाला मालकीचं एकच रूप ठाऊक असतं. माल गोदामातून दुकानात आणला तर ती खरेदी होत नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं. बायको म्हणजे आपलंच दुसरं गोदाम, हा हिशेब त्यांनी प्रेमानं केला होता. पण होता तो हिशेबच. राजमतीबाईंना तो पटला नाही. "पाहू, मी कुठी आत्ताच चाललो," यावर तो विषय थांबला. पर्युषण संपून थोडेच दिवस झाले असताना एका सकाळी कैलासचंद दुकानाचं शटर वर करता करता खाली बसले आणि उठले नाहीत.

दुखवट्याचे दिवस सरले आणि श्रेयांस फार धार्मिक झाला. एरवी महावीर जयंतीच्या मिरवणुकीखेरीज मंदिराशी त्याचा संबंध नसे. तो वाईट मुलगा नव्हता, हे इथेच सांगायला हवं. अकोल्याला एका नव्या इमारतीत त्यानं गाळा पाहून ठेवला होता. स्वयंपाकघराची कपाटं, धूर ओढणाऱ्या चिमण्या, मिक्सर असलं दुकान टाकायचं. त्यासाठी मानोऱ्याचं दुकान आणि प्लॉट विकायचे. भांड्यांचा धंदा मरत चालला आहे हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

"आई, तुहं व्रत मोडाले नाई पाह्यजे," तो म्हणाला. "तू माह्या नावानं बक्षीसपत्र करून दे. पाप तुले लागत नाई, मले लागत नाई."

"माह्यं व्रत तुले कवापासून समजाले लागलं?"

"म्हंजे? मी जैन नाई काय?"

"हायेस ना. आलूबोंडा खाल्ल्यावर बी हायेसच."

त्याची बायको टीना अकोल्याचीच. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती; तिनं पदर तोंडाला लावला. श्रेयांसनं तिच्याकडे पाहिलं, तेव्हा ती गंभीर झाली आणि आत गेली.

बोलण्यात श्रेयांसची बाजू भक्कम होती. समाजातले लोक भेटायला येत, तेही तेच म्हणत. व्रती बाई, आता धर्मध्यान करायचे दिवस, हे लचांड कशाला. ज्यांनी आयुष्यात एकही व्रत घेतलं नव्हतं त्यांना राजमतीबाईंच्या व्रताची सगळ्यांत जास्त काळजी वाटत होती. राजमतीबाई ऐकून घेत आणि पाणी पुढे करत.

दिवाळी झाली आणि तांडे उसाच्या तोडीला निघाले. त्याआधी दरवर्षी रुपाबाई दुकानात येते. रुपाबाई जवळच्या तांड्यावरची, राजमतीबाईंच्याच वयाची. सहा महिने घर बंद राहणार म्हणून तांड्यावरच्या काही बाया आपली चांगली पितळी भांडी दुकानाच्या माळ्यावर ठेवून जातात. ही रीत कैलासचंद यांच्या वडिलांपासूनची. त्याला कागद नाही, पावती नाही. भांड्यावर नाव असतंच, आणि ते राजमतीबाईंनीच कोरलेलं असतं.

रुपाबाईनं फडक्यात बांधलेली घागर खाली ठेवली, पण हात काढला नाही. "दुकान इकून राह्यले म्हन्ते तुमी?"

"कोन म्हनलं?"

"सारं मानोरं म्हनून राह्यलं. इकान तं सांगा बाई. घागर मी घेऊन जातो संग. तोडीच्या फडावर."

राजमतीबाईंनी तिला बसायला सांगितलं आणि सगळा प्रकार सांगितला. रुपाबाईनं व्रताची गोष्ट नीट ऐकली. मग म्हणाली, "तुमचा धर्म लय हुशार हाये बाई. जे हाती नाई ते सोडाले लावते. आन हाती आलं का म्हन्ते, हे तं तू सोडेल हाये."

"धर्माचं नाव नको घेऊ. मीच सोडलं व्हतं."

"आमचं बरं हाये. तोडीवर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघं मिळून एक. उचलीचे पैसे त्याच्या हातात, मोळी माह्या डोक्यावर." ती उठली. "तुमचा तं आख्खा कोयता तुमच्या हाती देऊन गेला, आन तुमी पाहून राह्यल्या का कोनाले देऊ."

घागर ठेवून ती गेली. राजमतीबाईंनी शिडी लावून ती स्वतः माळ्यावर चढवली. श्रेयांस दुकानातच होता. "मी ठेवतो ना, आई," तो म्हणाला. तोवर त्या वर पोचल्या होत्या.

नंतर वाशीमचे एक वकील दुकानात आले. ते समाजातलेच आणि भले गृहस्थ. व्रतही राहावं आणि मिळकतही, असा मार्ग त्यांनी काढला होता. "बाई, नाव तुमचं राहू द्या, पण मनात मालकी ठेवू नका. ही तुमच्याकडे ठेव आहे असं समजा. तुम्ही फक्त सांभाळताय."

श्रेयांसलाही हे पटण्यासारखं होतं. सांभाळणाऱ्याकडून पुढेमागे घेता येतं. सगळे राजमतीबाईंकडे पाहू लागले.

राजमतीबाईंनी माळ्याकडे बोट केलं. "ते ठेव हाये. तिचा मालक चैतात येईन आन घेऊन जाईन. नाई आला तं मी वाट पाहीन." मग गल्ल्यावर हात ठेवत त्या म्हणाल्या, "हे घ्याले कोन येनार हाये? ज्यानं ठेवलं तो गेला. मंग ते माह्यंच झालं. उगीच खोटं काहून बोलाव?"

वकिलांनी चष्मा पुसला. त्यांच्या पेशात हे वाक्य फारसं कानी पडत नसावं.

त्या रात्री राजमतीबाईंना झोप लागली की नाही ते माहीत नाही. सकाळी टीनाला सांगून त्या एकट्याच बाहेर पडल्या. चातुर्मास संपला की साधू-साध्वी एका जागी राहत नाहीत, पायी फिरतात. त्याच माताजी अकोल्याकडून वाशीमला विहार करत होत्या आणि मेडशीला थांबणार असं मंदिरात कळलं होतं. राजमतीबाईंनी मंगरूळपीरला एस.टी. बदलली, मालेगावला पुन्हा बदलली. मेडशीत हमरस्त्याच्या कडेला शाळेच्या एका खोलीत माताजी पाटावर बसल्या होत्या. खिडकीबाहेर सोयाबीनच्या कुटाराचा ढीग होता. वाऱ्यानं त्याचा भुसा आत येत होता आणि माताजी पिंछीनं तो हलकेच बाजूला सारत होत्या, भुशात एखादा जीव असेल म्हणून.

"वंदामि माताजी," राजमतीबाई खाली बसल्या. "मी व्रत मोडनार हाये. ते सांगाले आली."

माताजींनी सगळं ऐकून घेतलं. "मुलाला देऊन टाका," त्या म्हणाल्या. "व्रत राहील."

"राहीन. पन माताजी, तवा मी जे सोडलं ते माह्यं नव्हतंच. मालकाचं व्हतं. त्याले काय सोडनं म्हनाव? आता पयल्यांदा काई माह्यं झालं. ते आल्या पावली पोराले दिलं तं ते माह्यं झालंच नाई. मंग मी सोडलं तरी काय?"

"हा मोह आहे, बाई."

"हाये."

माताजींनी पिंछी खाली ठेवली. आपल्यासमोर मोह कबूल करणारी माणसं त्यांनी पाहिली असतील. ती बहुधा रडत कबूल करतात.

"कळूनही?"

"कळते म्हनून तं तुमच्यापाशी आली. नाई तं वकिलापाशीच निभत व्हतं. मले प्रायश्चित्त द्या."

"प्रायश्चित्त चूक थांबवल्यावर असतं. तुम्ही तर आता सुरू करणार आहात."

"मंग जोवर नाव हाये तोवर द्या. रोजचं रोज."

बाहेरून मालट्रक गेला, खोलीतली खिडकी हलली. शास्त्रात सहा रस सांगितले आहेत: दूध, दही, तूप, तेल, साखर, मीठ. त्यांतला एखादा सोडणं हे प्रायश्चित्ताचं जुनं रूप आहे. "साखर सोडा," त्या म्हणाल्या. "वय झालं आहे."

"साखर डॉक्टरनं पयलेच बंद केली. ते बी माह्यं सोडनं नाई व्हनार," राजमतीबाई म्हणाल्या. "मीठ द्या."

"जड जाईल."

"जाऊ द्या."

माताजींनी पिंछी उचलली. आशीर्वाद देताना त्या नेहमी काहीतरी बोलतात. त्या दिवशी नुसती पिंछी हलवली.

घरी परतल्यावर राजमतीबाईंनी श्रेयांसला बोलावून सांगितलं. दुकान, घर, प्लॉट आपल्या नावावर चढवायचं, विकायचं नाही. कधी द्यायचं झालं तर त्या आपण होऊन देतील, आणि तेव्हा ते खरं देणं असेल. श्रेयांस उठून उभा राहिला.

"लोक म्हनतीन, मायनं पैशासाठी व्रत मोडलं."

"म्हनतीन."

"तुले चालते?"

"नाई चालत. म्हनून तं मीठ सोडलं."

तो दुकानात गेला आणि शेल्फवरचे डबे काढून पुन्हा त्याच जागी लावत बसला.

नगरपंचायतीत नाव चढायला अर्ज, शिक्के, खेपा, जे काय लागतं ते लागलं. तिथला बाबू शेवटपर्यंत "मुलाचं नाव सोबत टाकायचं ना?" असं विचारत राहिला. त्याच्या कागदपत्रांच्या अनुभवात बाईचं नाव एकटं सहसा दिसत नसे. राजमतीबाई प्रत्येक वेळी "नाई" म्हणाल्या, कंटाळा न करता.

घरात डाळीची दोन पातेली चढू लागली. टीना छोट्या पातेल्यात सासूसाठी अळणी काढायची. काही दिवसांनी एकदा वाढता वाढता ती म्हणाली, "मम्मी, खरं सांगू? मले वाटलं व्हतं तुमी देऊन टाकसान."

"मले बी," राजमतीबाई म्हणाल्या.

पहिले काही महिने त्यांना जेवण जाईना. वजन उतरलं, गालाची हाडं वर आली. भाकरी पाण्यात बुडवून घास उतरवत. मंदिरात बायका आपसांत बोलत आणि त्या आल्या की आरतीची तयारी करू लागत. गावात दोन पक्ष पडले. व्रत मोडलं म्हणणारे एक, आणि एवढ्यातेवढ्यानं व्रत मोडतं का म्हणणारे दुसरे. दुसऱ्या पक्षातल्या कोणी राजमतीबाईंची समजूत घालायला सुरुवात केली की त्या सांगत, "मोडलं. मीच मोडलं," आणि त्या पक्षाची पंचाईत होई.

श्रेयांस दुकानात येत होता, पण आईशी कामापुरतं बोलायचा. अकोल्याचा गाळा त्यानं अजून सोडला नव्हता. आई थकेल, हा त्याचा अंदाज होता. अळणी खाऊन माणूस किती दिवस काढील, असं तो मित्रांत म्हणाल्याचं ऐकिवात आहे. त्यात दुष्टावा नव्हता. एक व्यापारी दुसऱ्या व्यापाऱ्याचा भाव कुठवर उतरेल याचा अंदाज घेतो, तसं ते होतं.

माघात टीना भावाच्या लग्नासाठी अकोल्याला गेली. स्वयंपाक राजमतीबाईंकडे आला. आपली अळणी डाळ ठेवणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते मुलाच्या डाळीत मीठ टाकणं, कारण चाखून पाहता येत नव्हतं. हाताच्या सवयीनं त्या मीठ टाकत. एक दिवस जास्त पडे, एक दिवस कमी. श्रेयांस काही म्हणत नसे. बोलणं कामापुरतंच असल्यानं डाळीबद्दल वेगळं गप्प राहायची गरज नव्हती.

एका संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत जेवायचं म्हणून तो घाईनं दुकानातून आत आला. राजमतीबाईंनी ताट वाढलं आणि त्या गिऱ्हाईक पाहायला बाहेर गेल्या. त्यानं डाळीत भाकरी बुडवून घास घेतला. त्यात मीठ नव्हतं. दुसरा घास घेतला. आईच्या पातेल्यातली डाळ आपल्याला आली असेल म्हणून त्यानं चुलीकडे पाहिलं. ते छोटं पातेलं तिथं झाकलेलं होतं. आई मीठ टाकायलाच विसरली होती.

मिठाची बरणी हाताच्या अंतरावर होती. त्यानं हात पुढे केला आणि मागे घेतला. मग घास घेत राहिला. अर्धी भाकरी झाल्यावर तो पाणी प्यायला आणि उरलेली अर्धीही त्यानं खाल्ली. वेळ बराच लागला. ताटात त्यानं काही टाकलं नाही. बाहेर आई कोणाला तरी परातीचा भाव सांगत होती आणि गिऱ्हाईक तो मानत नव्हतं.

"पुरली डाळ?" आत आल्यावर तिनं विचारलं.

"पुरली," श्रेयांस म्हणाला, आणि ताट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अकोल्याला फोन करून गाळा दुसऱ्या कोणाला द्यायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. मग शटर वर केलं, आणि राजमतीबाई बाहेर आल्या तेव्हा गल्ल्यामागची खुर्ची सोडून बाकावर बसला. त्या दोघांत यावर कधी बोलणं झालं नाही.

डाळीची गोष्ट त्यानं टीनाला सांगितली, टीनानं माहेरी, आणि तिथून ती मानोऱ्यात परत आली. आता बाजारपेठेत ती सगळ्यांना ठाऊक आहे. राजमतीबाईंना तेवढी नाही. त्यांना कळायला ती डाळ चाखून पाहावी लागली असती.